हनुवटीपर्यंतचा फोटो

सोलापुरात उन्हाळा आलेला आधी मोबाइलला कळतो. माणसं 'अजून तसं काही नाही' म्हणत घाम पुसत बसतात. मोबाइल सरळ संपावर जातो. परवा भर दुपारी नवी पेठेत रिक्षाची वाट बघत उभा होतो, तर माझ्या फोननं पडदा काळवंडून घेतला आणि थंड झाल्याशिवाय काम करणार नाही असं लिहून दाखवलं. मला त्याचा हेवा वाटला. आमच्याकडे डोकं तापल्यावर माणूस जास्तच बोलतो.

पेठेत बस्ता बांधणाऱ्यांची झुंबड होती. एका कापड दुकानाच्या पायरीवर एक नवरी मुलगी बसलेली. आत तिच्या आत्या-मावश्या साड्यांवरून हमरीतुमरीवर आलेल्या, आणि ही बाहेर ओढणीचा आडोसा करून फोनमध्ये डोकं घालून. उन्हात पडदा दिसत नाही, म्हणून तिनं फोन जवळजवळ नाकाला लावला होता. दुसऱ्या कुणाला तिच्याकडे बघून कौतुक वाटलं असतं, दया आली असती. मी बघितली तिच्या फोनची रुंदी. माझी नजर धंद्यानं बिघडलेली आहे. समोर माणूस आला की त्याच्या हातातला पडदा केवढा, त्यावर अक्षरं किती मावतील, हेच आधी दिसतं. माणूस नंतर. बऱ्याचदा दिसतच नाही.

लग्नसराई परत आली की तो उन्हाळा परत येतो.

त्या वर्षी मी पुण्याहून घरी आलो होतो. कंपनीनं माणसं कमी करायला घेतली, आणि कमी करायचं म्हटल्यावर त्यांना पहिला मीच आठवलो. मोबाइलच्या ॲपची मांडणी करणं हे माझं काम. बटण कुठं, अक्षर केवढं, फोटो कसा बसवायचा. ऐकायला सोपं वाटतं. पण प्रत्येकाच्या खिशातला पडदा निराळा. एखादा लांबुडका, एखादा बुटका. एखाद्याच्या इंचभर जागेत ठिपके दाटीवाटीनं बसलेले, एखाद्याच्यात विरळ. आमच्या गावच्या माणसाला मी चादरीवरून समजावतो. दाट विणीच्या चादरीवर मोर काढला तर मोर दिसतो. तोच मोर विरळ विणीवर काढला तर कोंबडा होतो. मांडणी करणाऱ्यानं असं काही करायचं की दोन्हीकडे मोरच दिसावा. मी आयुष्यात बरेच कोंबडे काढले आहेत.

कल्लप्पाकाकांचं वधूवर केंद्र पेठेमागच्या एका बोळात, पहिल्या मजल्यावर. भिंतीवर जमलेल्या लग्नांचे फोटो. त्यातली मोडलेली कुठली हे काका विचारल्याशिवाय सांगत नसत. आमच्या घराशी त्यांचा जुना घरोबा. मी रिकामा बसलोय म्हटल्यावर त्यांनी बोलावून घेतलं.

"येनो सिद्धू, काय रे, पुण्यानं हाकललं म्हणं तुला?"

"हाकललं नाही काका, कमी केलं."

"तेच की. बरं, आपलं एक ॲप करून दे. आता पोरं भिंतीवरचे फोटो बघंनात. आणि ऐक, तोंड मोठं दिसलं पाहिजे. नुसतं तोंड. बाकीचं लग्नानंतर बघतील."

धंद्यातलं इतकं स्पष्ट मार्गदर्शन मला पुण्यात कुणी केलं नव्हतं. मी कामाला लागलो. मुखपृष्ठावर मुंडावळ्या बांधलेल्या जोडप्याचं नाजूक चित्र काढलं. माझ्या फोनवर ते देखणं दिसलं. काकांच्या जाड ठिपक्यांच्या फोनवर दोघांच्या डोक्याला बँडेज बांधल्यासारखं. काका बराच वेळ बघून म्हणाले, "हे लग्नाचं आहे का दवाखान्याचं?" मग मी चित्र काढून टाकलं. अक्कलकोटकडच्या एका थोरल्या गृहस्थांनी डोळ्यांना झेपेना म्हणून अक्षरं मोठी करून ठेवली होती; त्या मोठ्या अक्षरांनी 'नको' हे बटण पडद्याच्या खाली ढकलून दिलं. त्यांना फक्त 'पसंत' दिसायचं. त्यांनी मुलासाठी दिसेल ती मुलगी पसंत केली आणि आठवड्याभरात अर्ध्या जिल्ह्यात त्यांची नाचक्की झाली.

आणि बार्शीचे ते गृहस्थ. धान्याचा व्यापार, स्वभाव शांत, टक्कल पूर्ण. मी फोटोची चौकट अशी केली होती की रुंदीला ती फोनभर पसरायची, पण उंची मी एकच आकडा घालून ठोकून टाकली होती. फोन जितका रुंद, तितका फोटो फुगायचा, आणि न मावणारा भाग वरून-खालून कापला जायचा. त्या कापाकापीत बार्शीकरांचं टक्कलच गेलं. भुवयांच्या जरा वरपर्यंत माणूस, आणि खरंच रुबाबदार माणूस. मागण्या यायला लागल्या. काका खूश. चूक आहे हे मला कळलं होतं. पण ज्या चुकीनं गिऱ्हाईक खूश होतं ती दुरुस्त करणारा अजून आमच्या धंद्यात जन्मायचाय.

आता अक्काबद्दल सांगायला हवं.

गिरिजाअक्का माझी थोरली बहीण. एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायची नोकरी करते, आणि बोलतेही तशीच. सुई कधी गेली ते कळत नाही. लहानपणी, असाच उन्हाळा होता, अंगणात कुरडयांसाठी गव्हाचा चीक शिजत होता. पातेलं कलंडलं आणि उकळता चीक तिच्या अंगावर आला. पाणी ओघळून जातं. चीक चिकटून बसतो. कानाखालून गळ्यावरून खांद्याच्या हाडापर्यंत तिची कातडी अजून तशीच आहे, आवळलेली, चकाकणारी. चेहऱ्याला काही झालं नाही. लोक म्हणायचे, नशीब, तोंड वाचलं.

त्या वाचलेल्या तोंडाला बघायला किती लोक आले. आमची अव्वा, म्हणजे आई, प्रत्येक वेळी सुशीला करायची. चुरमुरे भिजवून, डाळव्याची पूड लावून, वर ओलं खोबरं. आणि अक्काला बंद गळ्याचा ब्लाउज घालायला लावायची. बाहेर ऊन मी म्हणतंय, पंखा गरम हवा फेकतोय, आणि अक्का गळ्यापर्यंत बटणं लावून सुशीलाच्या बशा फिरवतेय. घाम कानामागून खाली उतरायचा आणि कॉलरमध्ये गडप व्हायचा. मग कुणीतरी विचारायचंच. एका बाईनं तर उठून, कापडाचा पोत बघावा तशी, दोन बोटांनी तिची कॉलर खाली ओढून बघितली होती. बघितली आणि पुन्हा बसून उरलेलं खाल्लं. जाताना म्हणाली, "कळवतो."

आमच्याकडे नको असं कुणी म्हणत नाही. 'कळवतो' म्हणतात. त्यानंतर मुलीकडच्यांनी ओळखायचं. अव्वाला ओळखायला बरेच दिवस लागायचे. दरवेळी.

म्हणून मी अक्काला ॲपमध्ये नाव घाल म्हणालो, तेव्हा तिनं अट घातली.

"फोटो माझा मी काढणार. गळा उघडा ठेवून. जे आहे ते दिसलं पाहिजे."

"अगं पण अक्का..."

"पण बिण काय नाही, सिद्या. ज्याला नको म्हणायचंय त्यानं आपल्या घरी बसून म्हणावं. आपल्या पंख्याखाली. माझ्या घरी येऊन, अव्वाच्या हातचं खाऊन, माझ्याकडं बघून नको म्हणायला आता कुणी यायचं नाही. तेवढं जमतंय का तुझ्या ॲपला?"

"तेवढंच तर जमतंय," मी म्हणालो. आजवर मी जी आश्वासनं दिली त्यांत हे सगळ्यात ठामपणे दिलेलं.

ती पेठेतल्या स्टुडिओत गेली. फोटोवाला म्हणाला, मॅडम, हे पुसून देतो, दोन मिनिटांचं काम. ती म्हणाली, पुसलंत तर दुसरा काढायला लावीन. केस मागं बांधून, मान जरा वळवून, गळा उजेडाकडे करून तिनं फोटो काढला. कुणी हत्यार बाहेर काढून ठेवावं तसा तो गळा त्या फोटोत होता.

मी तो ॲपमध्ये चढवला. अक्कानं आपल्या जुन्या, अरुंद फोनवर उघडून बघितला. त्या फोनवर कमी कापलं जायचं. गळा स्वच्छ दिसत होता. "हां, चालतंय," म्हणाली. मी माझ्या मोठ्या रुंद फोनवर बघितला. आणि मी काय बघितलं? चौकटीचे कोपरे नीट गोल झालेत का ते. कोपरे सुरेख गोल झाले होते. त्या गोल कोपऱ्यांच्या आत माझी बहीण हनुवटीपर्यंतच उरली होती, हे मला दिसलं नाही. सख्ख्या बहिणीचा फोटो, आणि मी कडा तपासत होतो.

ॲपमध्ये नाव लागलं आणि अक्काला मागण्या यायला लागल्या.

एक आली. मग रोज यायला लागल्या. ॲपमध्ये उत्तर आलं की देवळातली छोटी घंटा वाजावी तसा आवाज मी ठेवला होता. अक्काचा फोन फडताळावर ठेवलेला असायचा आणि घंटा वाजली की अव्वा पदराला हात पुसत धावायची. अक्का पहिले काही दिवस नुसतं वाचून फोन परत ठेवायची. मग एकदा कामावरून आली, पाणी प्याली आणि भांडं हातात तसंच धरून म्हणाली, "गळा बघून पण येतो म्हणायलेत रे ही लोकं?"

"मग! जमाना बदललाय अक्का."

"बदललाय का?"

"म्हणजे काय! शिकलेली पोरं आहेत. शिवाय मांडणी कुणाची आहे?"

ती हसली. मी तिला असं हसताना फार वर्षांनी बघितलं. त्या रविवारी ती एकटी नवी पेठेत गेली आणि मोठ्या गळ्याचा ब्लाउज शिवायला टाकून आली. अव्वानं विचारलं, "अगं, त्याला कॉलर?" तर म्हणाली, "आता कशाला? बघितलंय की त्यांनी."

पहिलं स्थळ नातेपुत्याचं. खतं-बियाण्यांचं दुकान, घरचं सगळं चांगलं. मुलगा, त्याची आई आणि वडील. अक्का बाहेर आली ती मोकळ्या गळ्यानं, केस मागं, मान ताठ. सुशीलाचा ट्रे तिनं असा आणला जसा आजवर कधी आणला नव्हता, खाली न बघता. मी कोपऱ्यात उभा राहून स्वतःच्या कर्तृत्वावर खूश होतो.

मुलाच्या आईचा हात बशीपाशी थांबला.

"पोरी, ह्ये काय गं?"

"भाजलेलं आहे. लहानपणी," अक्का म्हणाली. आवाज अगदी सहज. "फोटोत बघितलंत ना तुम्ही."

"फोटूत न्हवतं की ह्ये."

"आहे. गळा उघडाच आहे फोटोत."

"कुटं हाय? अवो, दावा की तिला." मुलाच्या वडिलांनी आपला फोन पुढं केला. रुंद, नवा, चकचकीत. अक्कानं तो हातात घेतला. पडदाभर तिचा चेहरा होता. डोळे, नाक, ओठ, हनुवटी. हनुवटीखाली माझ्या चौकटीची कड, आणि त्याखाली तिचं शिक्षण.

तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं.

अशा वेळी शहाणा माणूस पाय धरतो किंवा पळून जातो. मी समजावून सांगायला लागलो. "त्याचं काय आहे, तुमच्या फोनची रुंदी जास्त आहे. आणि चौकटीची उंची ठरलेली. त्यामुळं फोटो रुंदीला ताणला जातो आणि वरचा-खालचा भाग..."

"कुटल्या फोनात दिसतंय मग गळा?" वडिलांनी विचारलं.

"लहान... म्हणजे जुन्या. अरुंद असतात ते."

"म्हंजे बारक्या फोनवाल्याला खरं दावायचं आन् आमाला फसवायचं. लई झ्याक धंदा हाय."

"मग बारक्या फोनवाल्यालाच द्या की पोरगी," आई म्हणाली आणि सुशीलाचा घास घेतला.

 मुलगा मान खाली घालून स्वतःच्या फोनमध्ये बघत होता. मला वाटलं, लाजला. मग त्याच्या अंगठ्याची हालचाल दिसली, डावीकडून उजवीकडे, सावकाश, पुन्हा डावीकडून उजवीकडे. तो पुढच्या मुली बघत होता. ती चाल मीच बसवली होती. हाताला सुखद वाटावी म्हणून तिच्यावर फार मेहनत घेतली होती.

बशा मात्र सगळ्यांनी संपवल्या.

ते गेल्यावर अक्कानं ट्रे उचलला. आत जाता जाता थांबली. "हनुवटीपर्यंत बहीण ठेवलीस, सिद्या," ती म्हणाली. "बाकीची कुठं टाकलीस?" मी हसलो. मला अवघड झालं की हसू येतं, हा माझा जुना रोग. ती हसली नाही. "मोकळ्या गळ्यानं पहिल्यांदा बाहेर आले होते रे मी," एवढं म्हणाली आणि बशा धुवायला गेली.

पुढच्या रविवारचीही स्थळं ठरली होती. अक्कानं फर्मावलं, एकेकाला फोन कर आणि सांग. मी केले. नमस्कार, मी मुलीचा भाऊ, फोटो खाली कापला गेलाय, बहिणीचा गळा भाजलेला आहे. अनोळखी माणसांना हे वाक्य पुन्हापुन्हा ऐकवत मी गच्चीवर उन्हात उभा होतो. घरात तिच्यासमोर बोलायची हिंमत नव्हती. पलीकडून सगळे फार सभ्यपणे वागले. "असं होय? बरं, कळवतो."

दुरुस्ती खरं तर अगदी किरकोळ. ठोकलेला आकडा काढायचा, उंची रुंदीच्या प्रमाणात बांधायची, म्हणजे कुठल्याही फोनवर अख्खा फोटो दिसतो. पण काका हात जोडून म्हणाले, "अरे बाबा, तुझ्या चुकीनं माझं केंद्र चालायलंय. टकले, पोट सुटलेले, सगळे खपायलेत. खरं दाखवून कुणाचं लग्न होतंय का?" आणि अव्वा दुपारी माझ्याजवळ येऊन बसली. अक्का कामावर होती, तरी दबक्या आवाजात बोलली. "राहू दे की रे तसंच. घरात तरी येतात लोकं. शंभरात एखाद्याला समोर बघून माया येईल. आलेच नाहीत तर कसं व्हायचं?"

हे मी अक्काला सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "कॉलर धरून ओढली होती ती बाई, ती अव्वाला आठवत नाही का?"

मी दुरुस्ती केली.

बार्शीकरांचं टक्कल परत आलं. ते काकांकडे भांडायला आले, माझी बदनामी का करता म्हणून. आता वाचणाऱ्याच्या मनात काय आलं असेल ते मला माहीत आहे, कारण तेव्हा माझ्याही मनात तेच आलं. एक कापलेला माणूस, एक कापलेली बाई, दोघं आता अख्खे. मी काकांना सांगून अक्काचा फोटो मुद्दाम त्यांच्याकडे पाठवला. त्यांनी अख्खा फोटो नीट बघितला, आणि नको म्हणून कळवलं. अक्काला सांगितलं तर ती भाकरी मोडता मोडता म्हणाली, "घरी बसूनच म्हणाला ना? मग चांगला माणूस आहे."

घंटा वाजत राहिली. पसंतीला आणि नकाराला मी एकच आवाज ठेवला होता. वेगळा करायचा कंटाळा केला होता, दुसरं काही नाही. त्यामुळं अव्वा प्रत्येक घंटेला मान वर करायची. अक्का फोन बघायची, "नको म्हणतायत," म्हणायची, आणि पुढचा घास घ्यायची. आधी पसंत म्हणालेल्यांनीही पुन्हा उघडून बघितलं आणि मत फिरवलं. मी म्हटलं, आवाज बंद करून देऊ का? "राहू दे," ती म्हणाली. "ऐकू दे. मी सांगितलं तसंच तर चाललंय." खरंच तसंच चाललं होतं. दारात कुणी येत नव्हतं. अव्वानं आणलेले चुरमुरे डब्यात सादळले. लोक आपापल्या घरी, आपापल्या पंख्याखाली बसून, रुंद आणि अरुंद, दाट आणि विरळ पडद्यांवर माझ्या बहिणीला पूर्ण बघत होते आणि अंगठ्यानं बाजूला सारत होते. सगळ्या फोनांवर सारखीच दिसत होती ती. माझ्या हातून झालेलं एकमेव निर्दोष काम.

मग एका रविवारी घंटा वाजलीच नाही. सकाळ गेली, जेवणं झाली. अव्वा दोनदा फडताळाकडे जाऊन आली.

"सिद्धू, बिघडलं का रे ते? वाजंना."

मी फोन घेऊन आतल्या खोलीत गेलो आणि सगळं तपासलं. आवाज सुरू होता. ॲप सुरू होतं. बिघडलं काहीच नव्हतं. वयानं, शिक्षणानं, जिल्ह्यानं ज्यांच्याकडे तिचा फोटो जाऊ शकत होता, त्या सगळ्यांचं सांगून झालं होतं. बघायचं राहिलेलं कुणी उरलं नव्हतं.

बाहेर येऊन मी म्हणालो, "हो, बिघडलंय."

अव्वाच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. "तरीच," ती म्हणाली. "नीट कर की मग."

"करतो."

त्याला आता काही उन्हाळे झाले. काकांना हल्ली उघडमिट होणाऱ्या फोनची काळजी असते. उघडला की नवरदेव दुप्पट होतो म्हणतात, त्याचं काहीतरी कर. मी करतो. पोट त्याच्यावरच आहे.

काल संध्याकाळी गल्लीतून वरात गेली. बँड लांब जाईपर्यंत अव्वा उंबऱ्यात बसून होती. मग आत वळून तिनं विचारलं, "औंदा तरी नीट झालं का रे ते?"

अक्का नुकतीच कामावरून आली होती, मोरीत हात धूत होती. मी तोंड उघडलं. कुठलं खोटं काढावं ते सुचेना. एरवी मला खोटं कधी कमी पडत नाही.

"होत आलंय, अव्वा," अक्का मोरीतूनच म्हणाली. "लई किचकट काम असतंय ते. त्याच्या मागं लागू नकोस."

अव्वानं मान डोलावली. माझ्यावर तिचा फारसा भरवसा नाही. पण गिरिजा कधी खोटं बोलत नाही, हे तिला पक्कं ठाऊक आहे.